कंडक्टरची वाट

आम्हाला वाचवलं ते मांडीवर कुत्रं घेतलेल्या एका गोऱ्या म्हातारीनं. कुत्र्याच्या तोंडाला जाळी होती, तिच्या तोंडाला कसलीच न्हाई.

व्हिएन्नात आठ महिने झाले, पण खोली ते हॉटेलचं स्वयंपाकघर पायीच. त्या रविवारी बायको-लेकरांना प्राणिसंग्रहालय दाखवायला पहिल्यांदा ट्राममध्ये चढलो अन् वसमतच्या एसटीत बसल्यासारखा निवांत कंडक्टरची वाट पाहत बसलो. म्हातारी पोरांच्या दंग्यावर डोळे वटारून होती.

एवढ्यात चार तपासनीस चढले. तिकीट न्हाई, कंडक्टर आलाच न्हाई, असं पोरीनं त्यांच्या भाषेत सांगताच त्यांनी माझं नाव विचारलं. नोंद झाली अन् राहण्याचा परवाना अडकला तर?

म्हातारी उठली, छत्री आपटत त्यांच्यावर तुटून पडली.

"काय म्हणून राहिली गं?" मी पोरीला विचारलं. ती इथल्या शाळेत जाते.

"बाबा, ती म्हनते, तिकीट द्यायला एक माणूस न्हाई अन् पकडायला चार! लाज वाटत न्हाई का?"

तपासनीस वरमले. पुढच्या थांब्यावर तिकीट काढा म्हणाले अन् उतरले. मग म्हातारी माझ्याकडं वळली.

"अन् तुमाला म्हनते, तुमचा कंडक्टर कवाच रिटायर झाला!"

मी नुसते हात जोडले.

सातवीत शाळा सोडलेला मी आता तिची भाषा शिकून राहिलोय. एक दिवस तिला गाठून, पोरीला मधी न घालता, माझ्या तोंडानं आभार मानीन. ती चुका काढील. काढू दे.