पाव्हण्यांपुढची कविता

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा विट्याकडचं स्थळ मला बघायला आलं. मुलाचं केरळात गलाईचं दुकान, सोनं गाळायचं. थोरल्या चुलत्यांनी आणलेलं स्थळ, म्हणजे आमच्या घरात पुढं कुणी ब्र काढायचा नाही. आणि माझं प्रेम कुपवाडच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलावर, तोही दुसऱ्या जातीचा. भावकीतल्या एका पोरीचं असंच कळलं, तेव्हा चुलत्यांनीच तिला कॉलेजातून उचलून आणलं होतं. ती पुढं कुठं गेली हे आजही कुणी बोलत नाही. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा छातीत नुसतं धडधडत होतं, आणि ते लाजेनं नव्हे.

आमच्याकडं पोरगी इंग्रजी शिकली की पाव्हणे हमखास म्हणणार, "काय तरी इंग्रजीतलं म्हणून दाखव की!" जणू सर्कसच. माझ्या तोंडात आली ती परीक्षेसाठी घोकलेली प्रेमाची कथाकविता. शेवटी दोघंही मरतात ती. मेलं, दुसरं काही आठवेचना!

"आता मराठीत सांग," मुलाची आई म्हणाली.

मी सांगू लागले. "नदीचं पाणी उतरलं का?" हे तिचं पालुपद. आधी मुलीची आई सहज विचारते. मग पलीकडून येणाऱ्या प्रियकरासाठी मुलगी विचारते. शेवटी त्या दोघांना शोधणारा गाव विचारतो. शब्द तेच, पण दर वेळी जास्त भीती वाटते.

"आणि कवी कुणाच्या मनातलं सांगत नाही," मी वर्गातल्यासारखी म्हणाले, "फक्त घडलं ते आणि बोललं ते."

"आगं, पण पोरीनं घरात सांगायचं न्हाई व्हय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"कशी सांगणार? तिला जिवंत सोडलं नसतं."

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले ते. चुलते निवांत पोहे खात होते. पण पलटणीतून रिटायर झालेले माझे वडील, अण्णा, एकटक माझ्याकडं बघत होते.

पाव्हणे निघाले, चुलते, म्हणजे अण्णांचे दादा, त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. अण्णांनी मागं फिरून दार लोटलं.

"कवी मनातलं सांगत न्हाई म्हणालीस. मग त्या पोरीच्या मनातलं तुला कसं कळलं?"

संपलं आता, वाटलं.

अण्णांनी माझा दंड धरला. दाराकडं बघत त्यांनी आवाज खाली आणला.

"कोण हाय त्यो, लवकर सांग पोरी," ते म्हणाले, "दादा माघारी यायच्या आत."