वळणावरचं लाल पागोटं

धुळ्याबाहेरच्या माळावर फटफट्यांची शर्यत होती आणि मी कॉलेजची स्वयंसेविका होते. छातीवर बिल्ला, हातात लोखंडी नळीला बांधलेला लाल झेंडा; स्वतःला फौजदारच समजत होते. वळवाचा पाऊस कोसळला, विजा कडाडू लागल्या, तरी मी खांबासारखी ताठ. वळणापुढचा नाला भरला होता आणि शर्यतवाल्यांना ते ठाऊक नव्हतं.

"फेक ती नळी, माय! ईज उभाले देखस," घोंगडीखाली उकिडवा बसलेला साक्रीकडचा एक म्हातारा मेंढपाळ ओरडला. म्हणजे वीज उभ्या माणसालाच हेरते.

"मग फटफट्या कोण थांबवणार, आबा?" मी फणकारले.

त्याने डोक्यावरचं लाल पागोटं सोडलं आणि एक टोक माझ्याकडे फेकलं. मी नळी टाकून ते धरलं. वाटेच्या दोन कडांना आम्ही उकिडवे बसलो, मधे ते लांबलचक कापड ताणून. पहिला फटफटीवाला घसरत थांबला, मग मागचे सगळे.

उघड्या डोक्याने पागोटं पिळत म्हातारा म्हणाला, "मेंढ्या बी अश्याच. पहिली थांबनी का बठ्ठ्या थांबतस."

प्रसंगावधानाबद्दल प्रशस्तिपत्र मला मिळालं. त्यात पागोट्याचा उल्लेख नाही. स्टेजवर मीही केला नाही.