मागचं झाकणारा टॉप

सोमवारी इंटरव्ह्यू आणि शुक्रवारी संध्याकाळी माझी एकुलती एक फॉर्मल पँट कमरेशी अडून बसली. श्वास रोखला, पलंगावर आडवी झाले, देवाचं नाव घेतलं. बटण काही लागेना. अमेरिकेत आल्यावर माझी नोकरी सुटली, त्याला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी प्रत्यक्ष भेटायला बोलावलं होतं. मला ही नोकरी हवी होती म्हणजे हवीच होती.

इकडच्या पँटची गंमत अशी, की मांडीत बसली तर कमरेत दोन मुठी मावतील एवढी ढगळ. शनिवारी मॉलमध्ये तीन तास घालवून मी रडकुंडीला आले. तेव्हा तेरा वर्षांची लेक म्हणाली, "मॉम, ब्राझिलियन स्टोअर ट्राय कर ना." आमच्या श्रूजबरीहून अर्ध्या तासावर ब्राझिलियन लोकांची वस्ती आहे. तिथे त्यांची बेकरी, त्यांचं सलून आणि त्यांच्या देशातून आलेल्या कपड्यांचं दुकान.

लेकीला घेऊन दुकानात शिरले आणि पुतळे बघूनच जीवात जीव आला. अहाहा! पुतळ्यांना चक्क नितंब होते. मालकीणबाई साठीच्या, लालभडक लिपस्टिक, गळ्यात टेप. मी साइज सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला गरकन फिरवलं, नजरेनंच माप घेतलं आणि एक काळी पँट हातात कोंबली. न विचारता ट्रायल रूमच्या पडद्याआडही आल्या आणि कमरेची पट्टी खेचून बघितली. बटण लागलं! मी तिथल्या तिथे दोन उड्या मारल्या.

मग मी माझी नेहमीची चूक केली. म्हटलं, "आता यावर लांब टॉप दाखवा. मागचं झाकणारा." माझ्या माहेरी जीन्सला परवानगीच त्या अटीवर मिळाली होती आणि बेचाळिसाव्या वर्षीही मी ती निमूट पाळत होते.

बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी पुरणपोळीवर टोमॅटो सॉस मागितला. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही पँट शिवताना सगळ्यात जास्त मेहनत मागच्या बाजूवर असते. झाकायची असेल तर विकणार नाही."

"अहो, गिऱ्हाईक मी आहे ना?" मी मराठीतच भडकले. नागपूरची आहे, तोंड बंद ठेवणं जमत नाही. त्याही पोर्तुगीजमध्ये सुरू झाल्या. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण भांडण मात्र झकास रंगलं. लेक पोट धरून हसत होती. शेवटी बाईंनी एक पांढरा शर्ट आणला, मला घालायला लावला, स्वतः कमरेत खोचला आणि मला आरशापुढे उभं केलं.

मी वळून वळून स्वतःला बघितलं. खरं सांगू? मी मला फार आवडले. इतका आनंद झाला, की मी बाईंना मिठीच मारली. शर्टसुद्धा घेतला.

सोमवारी तोच शर्ट खोचून इंटरव्ह्यूला गेले. टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधल्याने रेझ्युमेवर बोट ठेवलं. "ही नऊ वर्षं काय करत होतात?"

फ्रीलान्सिंग, ऑनलाइन कोर्सेस असं पाठ केलेलं लांबलचक उत्तर तयार होतं. ते अगदी ओठांवर आलं. मी खुर्चीला टेकून बसले आणि म्हणाले, "घरी होते. मुलगी वाढवली. पुढचा प्रश्न?"

तो हसला. प्रश्न पुष्कळ विचारले त्यांनी. शेवटचा होता, कामाला कधीपासून येताय.