उभ्या गाडीचं वारं

गारखेड्यातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. माझी गाडी खुलताबादचा घाट निवांत चढायची, पण सिग्नलला उभी राहिली की तापायची. त्यानं पाना उचललाच नाही. इंजिन चालू ठेवलं आणि रेडिएटरच्या पंख्याजवळ तळहात धरून डोळे मिटले. मी बोलायला लागलो तर म्हणाला, "जरा दम धरा, साहेब."

तापमानाचा काटा वर गेला तरी पंखा फिरला नाही. मग त्यानं पंख्याची जळालेली वायर बदलली, पुन्हा तळहात धरला आणि वारं लागल्यावरच हात काढला.

"पळत्या गाडीला वारं फुकट भेटतं. उभ्या गाडीला सोताचं लागतं."

मला निवृत्त होऊन महिना झाला होता. चहा गार झाला म्हणून त्याच सकाळी मी बायकोवर ओरडून आलो होतो.