शनिवारचं तेल

"आई, बोटांना मुंग्या येताहेत," असं जयतीर्थ रविवारी सकाळी म्हणाला आणि नागलक्ष्मीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. स्वयंपाक करतानाही ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली.

तेविसाव्या वर्षी त्याच्या कमरेत शिरलेला संधिवात मानेपर्यंत चढला. मणके एकमेकांना चिकटून एकसंध झाले, पाठ पुढं वाकून तशीच राहिली. तरी वीस वर्षं तो तंजावरहून बसनं पापनाशमच्या पोस्टात जात होता. रस्त्यात माणसं चपलांवरून ओळखायचा. रविवारी तांदूळ निवडायला बसायचा. म्हणायचा, "देवानं मला खाली बघायलाच ठेवलंय, एक खडा सुटणार नाही."

शुक्रवारी कोलमसाठी, दारातल्या रांगोळीसाठी, पाणी शिंपलेल्या पायरीवर तो घसरला.

"पडलास का रे?"

"पडलो कुठं? बसलो. डॉक्टर माझ्या पाठीला बांबू म्हणतात ना? बांबू कधी मोडतो का, आई?"

डॉक्टर सुप्रभांनी मागेच बजावलं होतं, "ही हाडं ठिसूळ असतात. साधं घसरणंही पुरतं. वेगळं दुखलं, तर हलवू नका, मला फोन करा." नागलक्ष्मी बी.एस्सी. झालेली, तिनं ते कॅलेंडरवर लिहूनही ठेवलं होतं. पण रोजच दुखणाऱ्या पाठीचं वेगळं दुखणं ओळखायचं कसं?

दुसऱ्या दिवशी शनिवार. पुरुषांच्या तेलस्नानाचा वार या घरात पिढ्यान्‌पिढ्या चुकला नव्हता. तिनं तिळाचं तेल कोमट केलं, त्याला चटईवर उताणं निजवलं आणि वाकलेल्या मानेखाली एरवी लागणाऱ्या दोन्ही उशा काढल्या. "आज जरा सरळ हो, बाळा," म्हणत खांदे दाबले. कट्‌ असा आवाज झाला. वीस वर्षांत कधी न ओरडलेला जयतीर्थ ओरडला.

"सांधा मोकळा झाला," ती म्हणाली होती.

आता त्याच्यासमोर निवडायच्या तांदळाचं सूप होतं. खडा दिसत होता, पण चिमटीत येत नव्हता. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा त्यानं हात मांडीवर ठेवला.

"उद्या जाऊ दवाखान्यात. आणि तेलाचं सांगू नकोस हं. ती बाई तुलाच झापेल."

नागलक्ष्मीला रडू आलं. पडला एवढंच सांगितलं, तर न्यायला येणारी माणसंही त्याला तसंच सपाट निजवतील. त्याला कसं निजवू नये, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"हलू नकोस," ती म्हणाली. कॅलेंडरवरचा नंबर तिनं पाहिला. 'तो पडला' इथून नाही, 'मी त्याला सरळ केलं' इथूनच सुरुवात करायची, असं ठरवून तिनं फोन उचलला.