थरथरत्या हाताने रंगवलेला डोळा

डोळेवाल्या मावशी इस्पितळाच्या मागच्या खोलीत बसतात. अपघातात किंवा आजारात ज्याचा डोळा जातो, त्याला त्या खोटा डोळा बनवून देतात. मी साहित्याची पदवी घेऊन शेजारच्या खोलीत रुग्णांच्या नोंदी करतो. मावशी मला 'पदवीधर' म्हणतात. त्यात कौतुक कमीच.

माणसाला खिडकीशी बसवायचं, गुडघ्याला गुडघा लावून. त्याच्या चांगल्या डोळ्यात बघत बुबुळ रंगवायचं. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे बारीक धागे लावायचे, शिरांसारखे. तीस वर्षं मावशींनी हेच केलं.

यंदा त्यांचे यजमान, आमचे काका, गेले. त्यानंतर मावशींच्या उजव्या हाताला कंप सुटला.

त्याच सुमारास सात वर्षांची एक मुलगी आली. सोमवारी शाळा सुरू होणार होती. डोळा बसल्याशिवाय वर्गात पाय ठेवणार नाही, असं तिने आईला बजावलं होतं. मावशींनी दोन बुबुळं रंगवली. दोन्ही फिसकटली. आता ही खोली बंदच होणार, असं इस्पितळात सगळे कुजबुजू लागले.

बुधवारी मी आत डोकावलो. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या.

"प्रार्थना करताय?"

"भांडतेय. प्रभूला म्हटलं, नवरा नेलास, हात तरी राहू दे."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही. पण उठूनही गेला नाही."

मग मावशीच पुढे बोलल्या. लहानपणी आई धाक घालायची, 'देव बघतोय हं!' त्या पलंगाखाली लपायच्या.

"काका अंथरुणाला खिळले तेव्हा कळलं, पदवीधर. तो चुका पकडायला बघत नाही. तापलेल्या लेकराजवळ आई बसते ना, तसा बघत बसतो."

गुरुवारी मुलगी खुर्चीवर चढली. मावशींनी हात पुढे केला.

"बघ, असा थरथरतो. वेळ लागेल. चालेल?"

"थंडी वाजते का?"

"नाही गं. आमचे हे गेल्यापासून असं होतं."

मुलीने विचार केला. "मी धरू?"

"धर मनगट. पण गुदगुल्या केल्यास तर डोळा हिरवा होईल, सांगून ठेवते."

कंप थांबला नाही. मावशी एक रेघ ओढायच्या, कुंचला उचलायच्या, श्वास घ्यायच्या. रेघ चुकली की पुसायच्या. एका बैठकीचं काम तीन दिवस चाललं. मुलीने मनगट सोडलं नाही.

शनिवारी डोळा बसवला. मुलीने आरशात पाहिलं, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. आईने श्वास रोखला. तेवढ्यात नर्स आत आली.

"ओळखा, खोटा कुठला?" मुलीने तिला विचारलं.

नर्सने चुकीच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. मुलगी इतकी खिदळली की आईलाही हसू आवरेना.

"सोमवारी सगळ्या वर्गाला फसवणार," ती म्हणाली.

मायलेकी गेल्यावर मावशी कुंचले धुवायला उठल्या. हात थरथरतच होता. मी चाचरत विचारलं, "पुढच्या नोंदी... बंद करू?"

"का? प्रभूने माझी सुट्टी तुझ्या कानात सांगितली?"

"तसं नाही, पण—"

"मग लिही. एका डोळ्याला तीन दिवस. तो माझ्यासाठी थांबतो, तर लोकही थांबतील."

मी पुढच्या रुग्णाच्या नावासमोर तीन तारखा लिहिल्या.