शुक्रवारचा धूप

नीलगंगाक्का हावनूर रट्टीहळ्ळीत लग्नाच्या कन्नड आमंत्रणपत्रिका टाइप करून देतात. बसस्टँडमागे एक खोली आणि बावीस वर्षांचा एक संगणक. पडद्याच्या चौकटीवर रोज विभूतीचे तीन पट्टे, शुक्रवारी टेबलाखाली धूप. नवरा छापखान्यात यंत्रांना धूप दाखवायचा. तो गेल्यावर यंत्र बदललं, रीत तीच राहिली.

संगणक दुरुस्तीला हावेरीहून मी जातो. मला त्या तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. परवा त्यांचा फोन आला. "तम्मा, अक्षर दाबते, चहा करून येते, तरी उमटलेलं नसतं. लवकर ये बाबा."

गेलो. तीन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते, ते काढले. नको त्या फायली पुसल्या. फरक शून्य. मग कॅबिनेट उघडलं. पंख्यावर काजळीचा बोटभर थर. टेबलाखालचा धूप वर्षानुवर्षं पंखा आत ओढत होता. पंखा अडला, आतलं सगळं तापत राहिलं आणि हार्डडिस्क कटकट वाजू लागली होती.

"म्हणजे मीच मारलं याला?"

"याचं वयही झालंय, अक्का."

पंखा साफ केला. हार्डडिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला तीन तास लागले. ती बसवली आणि संगणक पळायला लागला. अक्का टाळी वाजवून संगणकाला म्हणाल्या, "बघ, पोरगा हुशार आहे, नुसताच बडबड्या नाही!"

मग त्यांनी कन्नड अक्षरांचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर चौकट आली: परवाना क्रमांक टाका. प्रोग्राम त्या जुन्या डिस्कशीच बांधलेला होता. चौकटीतल्या नंबरावर फोन लावला. एका बाईंनी उचलला. प्रोग्राम विकणारं दुकान कधीच बंद झालं म्हणाल्या, आता तिथे त्या राहतात.

"फुकटचा नवा प्रोग्राम घालतो की," मी म्हणालो आणि घातला. पण त्यात कळांची जागा वेगळी. अक्कांची बोटं न बघता चालणारी. 'ग'च्या जागी भलतंच उमटे. त्यांनी स्वतःचं नाव लिहायला घेतलं. पाच मिनिटं गेली. नाव अर्धंच झालं, तेही चुकीचं.

"शिकाल हळूहळू."

"कधी? चोपन्न वर्षांची आहे मी. लग्नं माझ्यासाठी थांबतात होय?" त्यांनी हात मांडीवर ठेवले. "जुनी डिस्कच लाव."

"अक्का, ती कधीही बंद पडेल. मग लिहिताच येणार नाही."

"आज लिहिता येईल ना?"

मी जुनी डिस्क परत लावली. दुसरं काय करणार होतो? संगणक सुरू व्हायला अठरा मिनिटं लागली. आतून कटकट ऐकू येत होती. अक्कांनी वधूच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं आणि पडद्याकडे बघत बसल्या. मीही बसलो.